ऐकू येते, पण किती?

(फळ्यावरचे अक्षर दिसेनासे झाले की डोळ्यांचा दोष लक्षात येतो. कानाचा दोष मात्र पुष्कळदा ज्याचा त्यालाच कळत नाही. शाळेत मुलांचे कान मोफत का तपासतात, कसे तपासतात आणि तपासणीनंतर काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

शाळेत आरोग्य पथक आले की मुलांमध्ये कुजबुज सुरू होते. "सुई टोचणार का?" हा पहिला प्रश्न असतो. मग रांग लागते. उंची मोजतात, वजन करतात, डोळे आणि दात पाहतात. कान पाहण्याची पाळी आली की मात्र पुष्कळ मुले म्हणतात, "सर, मला चांगलं ऐकू येतं. माझे कान कशाला तपासायचे?"

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

ऐकू न येणे आणि कमी ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला मुळीच ऐकू येत नाही, त्याचा दोष उशिरा का होईना घरच्यांच्या लक्षात येतो. पण ज्याला कमी ऐकू येते, त्याला ढगांचा गडगडाट ऐकू येतो, गाडीचा भोंगा ऐकू येतो, अजानही ऐकू येते. म्हणून त्याला व त्याच्या घरच्यांना वाटते की कान ठीक आहेत. इतरांना किती ऐकू येते हे त्याला कळणार कसे? दुसऱ्याच्या कानाने कोणालाच ऐकता येत नाही. फळ्यावरचे अक्षर दिसले नाही, तर तेथे काहीतरी लिहिले आहे एवढे तरी कळते. न ऐकलेला शब्द मात्र आपल्यापुरता उच्चारलाच गेलेला नसतो.

असे मूल मग आपल्या परीने मार्ग काढते. ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते. शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. सगळे हसले की हसते, सगळे उठले की उठते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याला काही समजत नाही. नाव पुकारले तरी ते उत्तर देत नाही. मग लोक त्याला नावे ठेवतात. कोणी म्हणते, "याचं लक्षच नसतं." कोणी म्हणते, "मठ्ठ आहे." कोणी त्याला उद्धट ठरवते. दोष कानात असतो आणि बोलणी मात्र त्या मुलाच्या स्वभावाला खावी लागतात.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी तर या गोष्टीचा अधिक विचार करावा. आपण घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकतो आणि मराठीच्या तासाला मराठी वाचतो. मराठीतील 'ळ' आणि 'ण' हे आवाज उर्दूत नाहीत. 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल', 'मण' आणि 'मन' हे शब्द वेगळे आहेत. त्यांतील फरक जिभेवर येण्याआधी तो कानाला कळावा लागतो. श्रुतलेखनात असे शब्द चुकले की 'याची मराठी कच्ची आहे' असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरेही असते आणि सरावाने चूक सुधारते. परंतु तोच विद्यार्थी गणिताच्या तासाला 'साठ' ऐवजी 'सात' लिहीत असेल आणि उर्दूच्या इमल्यातही तशाच चुका करीत असेल, तर तो केवळ भाषेचा दोष समजू नये. त्याचे कान तपासून घ्यावेत.

कान काम कसे करतो, हे थोडक्यात पाहू. आवाज म्हणजे हवेतील कंपने. ही कंपने बाहेरच्या कानातून नळीत शिरतात आणि कानाच्या पडद्यावर आदळतात. डफावरचे कातडे थरथरते, तसा हा पडदा थरथरतो. पडद्याच्या मागे मध्यकर्ण असतो. तेथे तीन चिमुकली हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे दिली आहेत. रिकीब म्हणजे घोडेस्वार जिच्यात पाय ठेवतो ती कडी. उर्दूतील 'रकाब' तो हाच शब्द. ही रिकीब सुमारे ३ मिलिमीटर लांबीची असते. आपल्या शरीरातील ते सर्वांत लहान हाड होय.

या हाडांची हालचाल पुढे आंतरकर्णात पोहोचते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात अतिशय सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या कंपनांचे संदेशात रूपांतर करतात आणि मज्जातंतू तो संदेश मेंदूकडे नेतो. तेव्हा कोठे आपण 'ऐकतो'. ऐकण्याच्या या शक्तीला उर्दूत समाअत म्हणतात, मराठीत श्रवणशक्ती म्हणतात. केसांच्या या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या कानात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून कानाला जपायचे.

मुलांच्या कानाचा नेहमीचा शत्रू म्हणजे साधी सर्दी. मध्यकर्णापासून घशाच्या मागच्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसांत ती तिरकी आणि लांब असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी-खोकल्याचे जंतू घशातून कानात सहज जातात. मध्यकर्णात पू साठतो. कान रात्रभर ठणकतो. शेवटी पडद्याला भोक पडते आणि पू बाहेर येतो. आपण म्हणतो, 'कान फुटला.' पू वाहून गेला की ठणका थांबतो आणि घरचे निश्चिंत होतात. पण काही मुलांच्या पडद्याचे भोक तसेच राहते. कान वारंवार वाहतो आणि ऐकणे कमी होते.

याहून फसवा प्रकार म्हणजे पडद्यामागे नुसते पाणी साठणे. यात ठणका नसतो, पू नसतो, ताप नसतो. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या मुलांचे बोलणे जसे दबके वाटते, तसे या मुलाला सगळ्यांचे बोलणे दबके वाटते. दुखत नाही म्हणून ते तक्रार करीत नाही. ते तक्रार करीत नाही म्हणून कोणी कान पाहत नाही.

ऐकणे कमी होण्याची आणखीही कारणे आहेत. कानात मळ घट्ट बसतो. खेळता खेळता लहान मुले कानात हरभरा, ज्वारीचा दाणा, मणी किंवा कागदाचा बोळा घालतात. गोवर, गालगुंड आणि मेंदूज्वर या आजारांनीही कानाची शक्ती जाऊ शकते. गरोदरपणी आईला रुबेला झाला, तर बाळ जन्मतः बहिरे असण्याचा धोका असतो. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून मुलांना लस टोचण्यात आली. त्या सुईचा संबंध कानाशीही होता, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल. काही घराण्यांत बहिरेपणा वंशपरंपरेने येतो. जवळच्या नात्यात लग्ने होत राहिली तर हा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मुलांमधील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात.

मग मुले दवाखान्यात का जात नाहीत? देवणीचेच उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातील हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. देवणी जातीच्या गायी-बैलांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. येथील बहुतेक कुटुंबे शेती आणि मजुरीवर जगतात. कानाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचे तर बहुधा उदगीर किंवा लातूर गाठावे लागते. दोघांचे बसभाडे, डॉक्टरांची फी, औषधे आणि बरोबर जाणाऱ्याची बुडालेली मजुरी असा सगळा हिशेब होतो. कान ठणकत असेल तर आईवडील हा खर्च करतील. पण मूल नुसते 'काय? काय?' असे विचारते म्हणून कोण जाणार? काही घरे ऊसतोडीला किंवा कामासाठी गाव सोडून जातात. त्यांच्या मुलांचे तर तपासणे नेहमीच राहून जाते. म्हणून मुलाने डॉक्टरांकडे जाण्याऐवजी डॉक्टरांनी मुलाकडे यावे, हा विचार पुढे आला.

भारत सरकारने २००७ मध्ये बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा पथकाने जावे, अशी योजना आहे. पथकात एक पुरुष डॉक्टर, एक महिला डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. जन्मजात बहिरेपणा, मध्यकर्णाचा दाह आणि श्रवणदोष हे तिन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. तपासणीला पैसे पडत नाहीत. दोष आढळल्यास पुढील उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियाही, या कार्यक्रमातून मोफत करण्याची तरतूद आहे.

आता तपासणी कशी करतात ते पाहू. प्रथम डॉक्टर प्रश्न विचारतात: कान कधी वाहिला होता का? ठणकतो का? कानात आवाज येतो का? वर्गात ऐकू येते का? याची खरी उत्तरे द्यावीत. नंतर दिव्याच्या एका लहान यंत्राने ते कानात पाहतात. मळ, पू, पडद्याचा रंग आणि पडद्यावरील भोक त्यांना त्यातून दिसते. यात मुळीच दुखत नाही. मुलींनी ओढणी बाजूला करताना संकोच करू नये. पथकातील महिला डॉक्टरांकडून कान तपासून घेता येतात.

त्यानंतर ऐकण्याची परीक्षा होते. कधी डॉक्टर मागे उभे राहून हळू आवाजात शब्द उच्चारतात आणि मुलाला ते पुन्हा म्हणायला सांगतात. मागे उभे राहायचे, कारण ओठ दिसता कामा नयेत. कधी नादकाटा वापरतात. तो ठोकून त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवतात. आवाज थांबला असे मुलाने सांगितले की तोच नादकाटा कानासमोर धरतात. निरोगी कानाला तो आवाज पुन्हा ऐकू येतो. आला नाही, तर बाहेरच्या कानात किंवा मध्यकर्णात काही अडथळा असावा, असा अंदाज बांधतात. ही रीत रिने नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८५५ साली सांगितली. नादकाट्याला वीज लागत नाही, म्हणून खेड्यातील शाळेतही ती वापरता येते.

अधिक अचूक तपासणीसाठी श्रवणमापक यंत्र असते. आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची, तर नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. मुलाच्या कानांवर हेडफोन लावून बारीक, मोठे असे निरनिराळे आवाज ऐकवतात. आवाज ऐकू आला की हात वर करायचा. प्रत्येक कान वेगळा तपासतात, कारण एक कान चांगला असला की दुसऱ्याचा दोष झाकला जातो.

या वेळी दोन गोष्टी विसरू नका. तपासणीच्या खोलीबाहेर शांतता ठेवा. तुमच्या गोंगाटाने दुसऱ्याची तपासणी चुकते. आणि मित्राचा हात पाहून आपला हात वर करू नका. ही काही गुणांची परीक्षा नाही. 'मला ऐकू आले नाही' असे खरे सांगणारा येथे नापास होत नाही. खोटे सांगणाऱ्याचे मात्र नुकसान होते.

तपासणीनंतर काही मुलांना चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवतात. चिठ्ठी मिळाली म्हणजे मूल बहिरे झाले, असे नव्हे. अधिक तपासणीची गरज आहे, एवढाच तिचा अर्थ. मळ असेल तर तो काढला की त्याच दिवशी ऐकणे सुधारते. पडद्यामागचे पाणी पुष्कळ मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरते. पण ओसरले की नाही हे पुन्हा जाऊन पाहावे लागते. वाहणाऱ्या कानाला औषध आहे. पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते. मज्जातंतूचा दोष मात्र बहुधा औषधाने बरा होत नाही. अशा मुलाला श्रवणयंत्राचा आधार मिळतो. लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

खरी अडचण येथेच येते. चिठ्ठी दप्तरात राहते. दप्तर खुंटीला राहते. पेरणीचे दिवस असतात, नाहीतर घरात लग्न असते. मग पुढच्या वर्षी पथक पुन्हा येते आणि त्याच मुलाला पुन्हा तीच चिठ्ठी देते. तोवर त्याचे एक वर्ष वाया गेलेले असते. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक भीती असते. 'यंत्र लावले तर लोक काय म्हणतील? पुढे लग्न कसे होईल?' असा विचार घरचे करतात. पण चष्मा लावणाऱ्या मुलीला आज कोणी नावे ठेवीत नाही. श्रवणयंत्र हा कानाचा चष्माच आहे. दोष लपवल्याने तो नाहीसा होत नाही. मुलगी मात्र वर्गात मागे पडते आणि हळूहळू शाळा सोडते.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था आहे. वाणी आणि श्रवणदोष असलेल्यांसाठी ती काम करते. श्रवणदोषाची तपासणी, यंत्रे, शिक्षकांचे व तज्ज्ञांचे प्रशिक्षण ही तिची कामे आहेत. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते हैदराबादचे. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे ते कुलगुरू होते. १९७१ पासून १९७६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपला मराठवाडा पूर्वी हैदराबाद राज्यातच होता. त्या मातीतील माणसाचे नाव या कामाशी जोडले गेले आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

कानाची काळजी आपल्याही हातात आहे. काडी, पिन, किल्ली कानात घालू नये. बाजारात कान कोरून देणाऱ्यांपुढे बसू नये. वाहणाऱ्या कानात तेल किंवा लसणीचा रस टाकू नये. कानात दाणा गेला तर पाणी घालू नये. दाणा भिजून फुगतो आणि अधिक घट्ट बसतो. कान वाहत असताना विहिरीत पोहू नये. मोबाइलचा इअरफोन मोठ्या आवाजात तासन्‌तास लावू नये. मिरवणुकीत मोठ्या कर्ण्यांच्या जवळ उभे राहू नये. आणि चेष्टेनेही कोणाच्या कानशिलात मारू नये. एका चापटीने पडदा फाटू शकतो. ही सूचना मुलांप्रमाणे मोठ्यांसाठीही आहे.

शाळेत पथक येईल त्या दिवशी गैरहजर राहू नका. चिठ्ठी मिळाली तर ती त्याच संध्याकाळी अब्बा-अम्मींच्या हातात द्या आणि वाचून दाखवा. वर्गातील एखाद्याला कमी ऐकू येत असेल, तर त्याला पुढच्या बाकावर जागा द्या. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोला. त्याला समजले नाही तर न चिडता पुन्हा सांगा. ओरडण्याची गरज नसते. आणि त्याच्याविषयी शिक्षकांना एकांतात सांगा. तुमच्या त्या दोन शब्दांनी एखाद्याचे शिक्षण वाचेल.

शब्दार्थ

श्रुतलेखन – ऐकून लिहिणे, इमला. कंपन – थरथर. दाह – सूज येऊन होणारी आग. मज्जातंतू – शरीरातील संदेश मेंदूकडे नेणारा तंतू. तरतूद – आधी करून ठेवलेली व्यवस्था. दबका – हळू, अस्पष्ट. कानशिलात मारणे – कानाजवळ जोराची चापट मारणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शरीरातील सर्वांत लहान हाड कोणते?
(आ) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ कोठे झाला?
(इ) हळू आवाजात शब्द उच्चारताना डॉक्टर मुलाच्या मागे का उभे राहतात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा दोष लवकर का लक्षात येत नाही?
(आ) 'खरी अडचण येथेच येते' असे लेखकाने का म्हटले आहे?

३. पुढील जोड्यांचा वाक्यांत उपयोग करा : वेळ – वेल, काळ – काल, मण – मन.

४. अर्थ समजून घ्या व वाक्यांत उपयोग करा : कानावर पडणे, कान टवकारणे, कानाडोळा करणे, कान उघडणी करणे.

५. उपक्रम : शिक्षकांच्या मदतीने 'कानाची काळजी' या विषयावर मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत एक तक्ता तयार करा व वर्गात लावा.